बाजार मोबाइलमध्ये भरवायचा तर…

लातूरहून नांदेडकडे निघाले, की अहमदपूरच्या अलीकडे चाकूर लागते. जून महिन्यात तुम्ही या रस्त्याने गेलात, तर दोन्ही बाजूंच्या शेतांत एक विलक्षण घाई दिसेल. पाऊस पडलेला असतो. जमिनीवरचे चिखलपाणी ओसरलेले असते, पण मातीच्या पोटात ओल असते. ढेकूळ हातात घेऊन दाबले तर ते फुटते, हाताला चिकटत नाही. जमिनीच्या या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात. पेरणीची खरी वेळ हीच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तेवढा पाऊस झाला आणि वाफसा आला, की साऱ्या शिवाराला एकाच वेळी पेरणी करायची असते. मग पुन्हा पाऊस लागला, तर काम थांबते. ऊन तापले, तर वरची ओल उडते. हातात असतात ते मोजके दिवस.

आता कल्पना करा. एका शेतकऱ्याकडे एक एकर जमीन आहे. बैल नाहीत, ट्रॅक्टर नाही. शेजारच्या गावात पेरणीयंत्र आहे, पण ते आज कोणाच्या शेतात आहे, उद्या मोकळे आहे का, भाडे किती, हे त्याला ठाऊक नाही. तो फटफटीवरून दोन गावे हिंडतो. त्याच वेळी तिसऱ्या गावात एक यंत्र झाडाखाली उभे असते, कारण त्याच्या मालकाला गिऱ्हाईक ठाऊक नसते!

मग यासाठी मोबाइलवर एखादे ॲप का करू नये, असे तुमच्या मनात नक्की आले असेल. ॲप म्हणजे मोबाइलवर एखादे ठरावीक काम करून देणारा संगणकीय कार्यक्रम. स्वस्त आणि उपयोगी साधने ज्यांच्याकडे आहेत ते एका बाजूला, ज्यांना ती हवी आहेत ते दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ॲप. म्हणजे झाला बाजार! कल्पना सोपी वाटते. पण तो बाजार नीट चालावा असे वाटत असेल, तर त्याच्या रचनेत बरेच विज्ञान आणि गणित घालावे लागते. चाकूर तालुक्यासाठी असा बाजार आपणच आखायचा आहे असे समजून एकेक प्रश्न सोडवू या.

स्वस्त म्हणजे काय?

पहिला प्रश्न असा, की या बाजारात काय मांडायचे? स्वस्त तंत्र मांडायचे, हे तर ठरले. पण स्वस्त कशाला म्हणावे?

सोयाबीन चाळण्याचे एक साधे साधन पाहा. त्याला स्पायरल सेपरेटर म्हणतात. एका उभ्या दांड्याभोवती पत्र्याची घसरगुंडी गोल गोल गुंडाळलेली असते. वरून सोयाबीन सोडले, की गोल, टपोरे दाणे गडगडत वेगाने खाली येतात. वळणावर वस्तू जितकी वेगात, तितकी ती बाहेर फेकली जाण्याचा संभव जास्त, हे तुम्ही सायकल वळवताना अनुभवले असेलच. त्यामुळे गोल दाणे पत्र्याच्या बाहेरच्या कडेकडे सरकतात आणि बाहेरच्या पन्हळात पडतात. फुटके, चपटे दाणे आणि काडीकचरा गडगडत नाहीत, घसरतात. घर्षणामुळे त्यांचा वेग कमी राहतो आणि ते आतल्या बाजूनेच खाली येतात. वीज नको, डिझेल नको. गुरुत्वाकर्षणावर सारे काम चालते. शिवाय सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते. आदळआपट झाली तर बियाण्याची उगवण घटते. म्हणून बियाण्यासाठी हे हळुवार साधन अधिकच चांगले.

आता किमतीचे गणित करू. पुढचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. एक साधन १२,००० रुपयांना मिळते आणि १० वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला १,२०० रुपये झिजले. देखभालीचे ३०० धरले, तर वर्षाचा खर्च १,५०० रुपये. दुसरे साधन ६,००० रुपयांतच मिळते, पण ते ३ वर्षे टिकते आणि त्याच्या दुरुस्तीला वर्षाला ८०० रुपये लागतात. म्हणजे वर्षाचा खर्च २,८०० रुपये. निम्म्या किमतीचे साधन जवळजवळ दुप्पट महाग पडले!

एवढ्यावरच हिशेब संपत नाही. ज्याला १० क्विंटल सोयाबीन होते, त्याला पहिले साधन क्विंटलमागे १५० रुपयांना पडेल, कारण वर्षातले बहुतेक दिवस ते कोपऱ्यात पडून राहणार. तेच साधन अशा २० शेतकऱ्यांनी वापरले, तर २०० क्विंटल माल चाळला जाईल. वापर वाढला म्हणून देखभाल १,००० रुपये धरली, तरी एकूण खर्च २,२०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे अवघे ११ रुपये. साधन तेच, पण वाटून वापरल्यामुळे १५० चे ११ झाले.

म्हणून आपल्या बाजाराचा पहिला नियम असा करू. प्रत्येक साधनापुढे नुसती विक्रीची किंमत लिहायची नाही. ते किती वर्षे टिकते, दुरुस्तीला काय लागते, सुटे भाग जवळात जवळ कुठे मिळतात आणि भाड्याने घेतल्यास एकरी किंवा क्विंटलमागे काय पडते, हेही लिहायचे.

हाळीच्या बाजारातून काय शिकावे?

मोबाइल येण्यापूर्वी बाजार नव्हते का? होते, आणि फार हुशारीने रचलेले होते. लातूर जिल्ह्यातच उदगीर तालुक्यात हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. देवणी आणि लाल कंधारी या आपल्या भागातल्या जाती. अशा बाजारात बैल घेणारा माणूस नुसती किंमत विचारून परत फिरत नाही. तो बैलाचा जबडा उघडून दात पाहतो. बैलाला पुढचे कायमचे दात खालच्या जबड्यातच असतात, आणि ते जोडीजोडीने येतात. त्यावरून दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला असे वय ठरते. मग तो बैलाला चालवून पाहतो, खुरे पाहतो, पाठीवर थाप मारतो. सोबत गावातला एखादा जाणकार असतो. जनावरांच्या बाजारांत भाव रुमालाखाली बोटांनी ठरवण्याचीही जुनी रीत आहे.

या साऱ्याचा अर्थ काय? बाजार वस्तू तर दाखवतोच, पण त्याखेरीज चार कामे करतो. वस्तूची परीक्षा करू देतो, भाव ठरवू देतो, मध्ये जामीन म्हणून माणूस उभा करतो आणि व्यवहार पुरा करून देतो. ॲपमध्ये नुसती चित्रे आणि किमती टाकल्या, तर ही चारही कामे राहून जातात.

ती राहिली तर काय बिघडते, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकर्लोफ यांनी १९७० साली एका निबंधात दाखवले. त्यांनी जुन्या मोटारींचे उदाहरण घेतले होते. आपण जुन्या फवारणी पंपांचे घेऊ. समजा, चांगला जुना पंप २,००० रुपयांचा आहे आणि आतून बिघडलेला ६०० रुपयांचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. बाजारात निम्मे चांगले, निम्मे बिघडलेले आहेत. घेणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून तो मधला भाव देतो, १,३०० रुपये. चांगल्या पंपाचा मालक म्हणतो, “एवढ्याला मी देत नाही”, आणि पंप घरी घेऊन जातो. मागे उरतात ते बिघडलेले. गिऱ्हाइकाला हे कळले, की तो ६०० च्या वर जात नाही. अशा रीतीने कोणीही चोरी न करता चांगला माल बाजारातून हद्दपार होतो! या प्रकारच्या संशोधनासाठी ॲकर्लोफ यांना २००१ साली आणखी दोघा अर्थशास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा दुसरा नियम. जे साधन मोबाइलच्या पडद्यावर पारखता येत नाही, ते कोणीतरी हातात घेऊन पारखलेले असले पाहिजे. गावातला फिटर, आयटीआयचे विद्यार्थी, कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी हे काम करू शकतील. पंप किती दाब देतो, गळतो का, नळी कधी बदलली, हे पाहून त्यांनी नोंद करायची. नोंदीखाली तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख हवी.

ॲपच्या पोटात

आता ॲपच्या पोटात डोकावू. आत मुख्यतः तीन वह्या असतात असे समजा. पहिल्या वहीत साधने, दुसऱ्या वहीत माणसे आणि तिसऱ्या वहीत मागण्या. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो. “मागणी क्रमांक ५१: माणूस क्रमांक १८ याला साधन क्रमांक ७ हवे”, अशी एक ओळ तिन्ही वह्यांना जोडते. संगणकाच्या भाषेत या वह्यांच्या संचाला विदासंच म्हणतात. दोघांनी एकाच क्षणी एकच यंत्र मागितले तर? ज्याची मागणी क्षणभर आधी पोचली त्याच्यासाठी संगणक ती ओळ कुलूपबंद करतो आणि दुसऱ्याला थांबायला सांगतो. रेल्वेचे एकच आसन दोघांना मिळू नये म्हणून हीच युक्ती वापरतात.

“माझ्या जवळचे यंत्र दाखव” असे म्हटल्यावर ॲप काय करते? मोबाइलला उपग्रहांच्या साहाय्याने आपले अक्षांश-रेखांश कळतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचे अंतर मात्र ध्रुवांकडे जाताना कमी होत जाते. चाकूर सुमारे साडेअठरा अंश उत्तरेला आहे, आणि तेथे रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो. समजा, शेत आणि यंत्र यांच्या अक्षांशांत ०.०३ अंशाचा आणि रेखांशांत ०.०४ अंशाचा फरक आहे. म्हणजे दक्षिणोत्तर ३.३ किलोमीटर आणि पूर्वपश्चिम ४.२ किलोमीटर. पुढे पायथागोरसचा सिद्धान्त लावा. अंतर येते सुमारे ५.३ किलोमीटर.

पण सावधान! हे झाले पाखराचे अंतर. ट्रॅक्टरला उडता येत नाही. मध्ये पूल नसलेला नाला असेल आणि त्याला पाणी आले असेल, तर पाच किलोमीटरचे बारा होतात. म्हणून गणिताने काढलेले उत्तर गावच्या माणसाला दाखवून रस्त्यांचा नकाशा दुरुस्त करावा लागतो.

एक यंत्र, आठ शेते

आता आपण या प्रश्नाच्या गाभ्याशी आलो. ॲप नवे यंत्र निर्माण करू शकत नाही. गावात एकच पेरणीयंत्र असेल, तर ॲप आल्यावरही ते एकच राहते. मग ॲपचा उपयोग काय? उपयोग आहे तो त्याच यंत्राचे तास वाया जाऊ न देण्यात.

आपण रुंद वरंबा-सरी पद्धतीचे पेरणीयंत्र घेऊ. मराठवाड्यात त्याला सर्रास बीबीएफ यंत्र म्हणतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत १९७० नंतरच्या दशकात काळ्या जमिनीसाठी या पद्धतीवर बरेच काम झाले. रुंद वरंब्यावर पेरणी आणि दोन्ही बाजूंना सऱ्या. पाऊस फार झाला तर जादा पाणी सरीतून निघून जाते. पावसाने ओढ दिली तर मुरलेली ओल पिकाला तारते. समजा, यंत्र एका फेरीत १.८ मीटर रुंदीचा पट्टा पेरते आणि ताशी ३.५ किलोमीटर चालते. गुणाकार केला, तर तासाला ६,३०० चौरस मीटर होतात. वळणे घेणे, बियाणे भरणे यांत सुमारे तीस टक्के वेळ जातो. उरले ४,४१० चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तेव्हा ढोबळ मानाने तासाला एक एकर धरू.

वडवळ नागनाथ परिसरात चार शेतकरी आहेत आणि बारा किलोमीटर दूर दुसऱ्या गावात चार. प्रत्येकाचे एक एकर. रस्त्यावर ट्रॅक्टर ताशी १५ किलोमीटर जातो, म्हणजे एका खेपेला ४८ मिनिटे. मागण्या आळीपाळीने आल्या आहेत, एक इथली, एक तिथली. ॲपने “आधी येईल त्याला आधी” असा भाबडा नियम पाळला, तर यंत्राला सात वेळा जा-ये करावी लागेल. सात खेपांचे ५ तास ३६ मिनिटे आणि पेरणीचे ८ तास, एकूण १३ तास ३६ मिनिटे. म्हणजे काम दुसऱ्या दिवसावर गेले. तेच आधी एका गावातली चार आणि मग दुसऱ्या गावातली चार शेते घेतली, तर खेप एकच आणि सारे काम ८ तास ४८ मिनिटांत, एका दिवसात पुरे! रस्त्यावरचे अंतर ८४ किलोमीटरवरून १२ वर आले. तेवढे डिझेलही वाचले.

आता दुसरे कोडे. यंत्राच्या मालकाला साहजिकच मोठे गिऱ्हाईक आवडते. समजा, एका शेतकऱ्याचे १० एकर आहेत आणि त्याच शिवारात सहा जणांचे एकेक एकर. दहा एकर आधी पेरले, तर मोठा शेतकरी १० व्या तासाला मोकळा होतो आणि लहान शेतकरी ११ ते १६ व्या तासांत. सातही जणांची सरासरी काढा: १३ तास. आता उलट करू. लहान शेते आधी घेतली, तर ते सहा जण पहिल्या सहा तासांत मोकळे होतात आणि मोठा शेतकरी १६ व्या तासाला. सरासरी येते सुमारे ५.३ तास. यंत्राने काम तेवढेच केले, तेही तेवढ्याच वेळात. फक्त क्रम बदलला आणि सरासरी थांबणे निम्म्याहून कमी झाले. मोठ्या शेतकऱ्याला सहा तास जास्त थांबावे लागले. पण लहानांपैकी प्रत्येकाचे दहा तास वाचले. सर्वांत छोटे काम आधी केल्यास सरासरी वेळ सर्वांत कमी होतो, ही गोष्ट गणिताने सिद्ध झालेली आहे. स्मिथ या संशोधकाचा १९५६ सालचा निबंध या विषयात पायाभूत मानतात.

अर्थात या नियमालाही लगाम हवा. नवी छोटी कामे येतच राहिली, तर मोठ्याची पाळी कधीच येणार नाही. म्हणून “कोणीही अमुक तासांपेक्षा जास्त थांबणार नाही” अशी मर्यादा घालावी लागते.

शिवाय मालकाचीही अडचण समजून घेतली पाहिजे. विखुरलेली लहान शेते त्याला परवडत नाहीत. यावर उपाय आपल्या जुन्या रीतींतच आहे. शेतकरी एकमेकांच्या कामाला आळीपाळीने जातात, त्याला सावड म्हणतात. अनेकांच्या बैलजोड्या एकत्र येऊन एकाची नांगरट उरकतात, ती इर्जिक. तीच सावड ॲपमध्ये घाला. एका शिवारातल्या आठ जणांनी आपल्या एकेक एकराच्या मागण्या जोडल्या, की ती आठ एकरांची एकच मागणी होते. मालकाच्या दृष्टीने लहान शेतकरी आता लहान राहिला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. रेल्वेच्या तिकिटासारखी येथे तारीख देता येत नाही, कारण वाफसा कधी येईल ते पावसाच्या हाती. म्हणून तारीख न देता क्रमांक द्यावा. क्रमांक लावताना जमिनीचा प्रकारही विचारावा. माळावरची हलकी जमीन पाण्याचा निचरा लवकर करते, तिला वाफसा आधी येतो. भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, तिला उशिरा येतो. यंत्र आधी माळाकडे आणि मग काळ्या रानाकडे नेले, तर निसर्गच आपले अर्धे वेळापत्रक करून देतो. ही माहिती कोणत्याही उपग्रहापेक्षा तुमच्या आजोबांना चांगली ठाऊक असते.

तारे आणि गोणपाट

विश्वासाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. यंत्र वेळेवर येईल का? चालक नीट पेरील का? अनेक ॲपमध्ये गिऱ्हाईक पाचपैकी काही तारे देते. पण हे तारे वाचायचे कसे?

पेरणीआधी घरचे बियाणे तपासण्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून गुंडाळी करतात आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजतात. ७० किंवा अधिक उगवले, तर बियाणे पेरण्यायोग्य. समजा, एकाने तीनच दाणे ठेवले आणि तिन्ही उगवले. दुसऱ्याने १०० ठेवले आणि ८५ उगवले. पहिल्याची उगवण १०० टक्के मानाल का? मानणार नाही, कारण तीन दाण्यांवरून काय कळणार! ताऱ्यांचे तसेच आहे. तीन गिऱ्हाइकांनी, तेही कदाचित भाऊबंदांनीच, चांगले म्हटलेल्या मालकापेक्षा शंभरांपैकी पंच्याऐंशी जणांनी चांगले म्हटलेला मालक जास्त भरवशाचा.

फ्रेंच गणिती लाप्लास (१७४९–१८२७) यांनी यासाठी एक सुंदर युक्ती दिली आहे. चांगल्या नोंदींत १ मिळवा, एकूण नोंदींत २ मिळवा आणि भागाकार करा. पहिल्याचे ३ पैकी ३ म्हणजे ४ भागिले ५, अर्थात ८० टक्के. दुसऱ्याचे १०० पैकी ८५ म्हणजे ८६ भागिले १०२, अर्थात सुमारे ८४ टक्के. दुसरा पुढे गेला. आणि अगदी नव्या मालकाचे, ज्याची एकही नोंद नाही? १ भागिले २, म्हणजे ५० टक्के. त्याला ना शाबासकी, ना शिक्षा.

ज्याच्याकडे मोबाइल नाही

ॲपची सर्वांत मोठी परीक्षा पुढे आहे. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याकडेच साधा, बटणांचा मोबाइल असतो, किंवा तोही नसतो. मग हा बाजार फक्त मोठ्यांचा व्हायचा का?

नायजेरियात २०१४ साली सुरू झालेल्या ‘हॅलो ट्रॅक्टर’ या उपक्रमापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी गावोगाव प्रतिनिधी नेमले. प्रतिनिधी शेतकऱ्यांना भेटून मागण्या गोळा करतो, त्या एकत्र बांधतो आणि मगच ट्रॅक्टर गावात येतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात २००० साली सुरू झालेल्या ‘ई-चौपाल’मध्येही सोयाबीन पिकवणाऱ्यांसाठी संगणक गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी ठेवला होता. भाव पाहायला लोक त्याच्याकडे जात. तंत्र नवे, पण त्याच्या तोंडाशी ओळखीचा माणूस, हे या दोन्हींचे वैशिष्ट्य.

साध्या मोबाइलनेही किती फरक पडतो, ते केरळच्या किनाऱ्यावर दिसले. १९९७ नंतर तेथे मोबाइल सेवा आली. तोपर्यंत कोळ्यांना जवळच्या बंदरातला भाव कळत नसे. एका बंदरात गिऱ्हाईक नाही म्हणून ते मासळी समुद्रात फेकून देत, तर थोड्याच अंतरावर गिऱ्हाइके रिकाम्या हाती परतत. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की नावेतून फोन करता येऊ लागल्यावर मासळी फेकणे जवळजवळ थांबले. कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. यासाठी मोठे ॲप लागले नाही. योग्य वेळी एक खरी बातमी पुरली.

शेतीची यंत्रे भाड्याने मिळावीत म्हणून भारताच्या कृषी मंत्रालयानेही २०१९ साली एक ॲप आणले, आणि गावोगावी अवजारे बँकाही उभ्या राहिल्या. म्हणजे आपली कल्पना जगावेगळी नाही. पण वर पाहिलेले प्रश्न प्रत्येक तालुक्याला आपापल्या मातीत सोडवावे लागतात.

शेवटी एक सावधगिरी. बाजाराचा मालक कोण, हे विचारायला विसरू नका. यादीत वरचे नाव कोणाचे, हे ॲप ठरवते. पैसे भरणाऱ्याला वर ठेवायचे ठरले, तर तो नव्या पोशाखातला दलालच झाला. म्हणून यादी कोणत्या नियमाने लावली, ते सर्वांना दिसेल असे पहिल्या पानावर लिहिलेले असावे. गावातल्या लोकांनी तो नियम वाचून त्याला हरकत घेता आली पाहिजे.

करून पाहा

हा बाजार रचायला आज संगणकसुद्धा नको. तीन वह्या घ्या. पाच-सहा जणांचा गट करा आणि आपल्या गावात कोणाकडे कोणती साधने आहेत, ती वर्षातून किती दिवस वापरात असतात, बिघडली तर कोण दुरुस्त करतो, हे विचारून लिहा. नावे लिहिण्याआधी प्रत्येकाची परवानगी घ्या. शाळेच्या फळ्यावर गावाचा नकाशा काढून शेते, नाले आणि रस्ते दाखवा. मग आठ काल्पनिक मागण्यांच्या चिठ्ठ्या काढा आणि त्यांचे वेळापत्रक तीन प्रकारे लावा: आधी येईल त्याला आधी, छोटे काम आधी आणि एका शिवारातली कामे एकत्र. प्रत्येक वेळी एकूण तास, सरासरी थांबणे आणि किलोमीटर मोजा. शिक्षकांना गणिताच्या तासाला हे सहज घेता येईल.

तयार झालेले वेळापत्रक एखाद्या ट्रॅक्टरचालकाला आणि एक एकरवाल्या शेतकऱ्याला दाखवा. दोघेही त्यात काहीतरी चूक काढतील. त्या चुका चौथ्या वहीत लिहा. पुढे तुमच्यापैकी कोणी खरोखरीचे ॲप करायला बसेल, तेव्हा त्याला सर्वांत जास्त उपयोग त्या चौथ्या वहीचाच होईल.